गाडी बंद पडली की आधी वीज मोजा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. रिसोड तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या सदस्यांनी मिळून तयार केलेलं.)

 

आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हळद-मसाले, पापड, डाळी सोडून ह्या बाया गाडीच्या वायरी कुठं सांगत बसल्या. पण आता किती तरी गटांकडे स्वतःचं वाहन आहे. कुणी कर्ज काढून घेतलं, कुणी जुनं घेऊन रंगवून घेतलं. माल बाजारात न्यायला, प्रदर्शनाला जायला, रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायला तेच कामी येतं. असं वाहन चार दिवस गॅरेजात उभं राहिलं तरी बँकेचा हप्ता काही थांबत नाही. आणि गाडी चालवणारी बाई असली, की गावात आणखी एक वाक्य ऐकू येतं, "बाईच्या हाती गाडी देल्ली की असंच होते." म्हणून गाडी का बंद पडते हे आपल्याला समजलं पाहिजे. सगळं दुरुस्त करता आलं नाही तरी चालेल, पण कुणी काही सांगितलं तर ते खरं की अंदाजानं, एवढं तरी ओळखता आलं पाहिजे.

आजचा विषय आहे गाडीच्या टाकीतला विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप आणि त्याची वायरिंग. पेट्रोल पंप म्हटलं की आपल्याला रस्त्यावरचा पंप आठवतो, तो नव्हे. मेकॅनिक याला फ्युएल पंप म्हणतात, आपणही तेच नाव घेऊ.

जुन्या कार्बोरेटरच्या मोटारींत हा पंप बहुधा इंजिनाजवळ असायचा आणि इंजिनाच्याच जोरावर चालायचा. आताच्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन पद्धत आहे. त्यात छोटी विजेची मोटार असलेला पंप थेट टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल दाबानं पुढं ढकलतो. पुष्कळ गाड्यांत हा दाब साधारण तीन किलोच्या आसपास असतो. पाण्याची टाकी तीस मीटर उंच बांधली, तर खाली नळाला जेवढा दाब येईल तेवढा. दाब कमी पडला तर इंजिनाला पोटभर पेट्रोल मिळत नाही. डिझेल गाड्यांची आणि ट्रॅक्टरची व्यवस्था वेगळी असते, त्यांच्याबद्दल आज बोलत नाही. पण १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या बहुतेक पेट्रोल दुचाकींतही असाच पंप आहे. घरच्या स्कूटीची चावी फिरवल्यावर क्षणभर बारीक 'घूंऽऽ' ऐकू येतं ना, तो हाच पंप.

हे समजायला आपल्याला शाळा लागत नाही, कारण आपल्या शेतात त्याचा मोठा भाऊ आहे, बोअरमधली सबमर्सिबल मोटार. ती पाण्यात बुडालेली असते आणि पाण्यामुळंच थंड राहते. बोअर आटली आणि मोटार कोरडी चालली तर जळते. फ्युएल पंपही पेट्रोलमुळं थंड राहतो. टाकी रोज काट्याच्या तळाशी ठेवून, शंभर-शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी चालवली, तर पंप तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. आमच्या गटाचा नियम आहे, पाव टाकीच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही.

दुसरं साम्य विजेचं. शेतातली मोटार चालू होत नाही तेव्हा आपण लगेच मोटार वर काढतो का? नाही. आधी डीपीवर लाइन आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार वर काढणं हे शेवटचं काम, कारण ते सगळ्यात खर्चाचं. गाडीतही तोच क्रम ठेवायचा. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून जाते, मग रिले नावाच्या छोट्या डबीतून जाते. ही डबी म्हणजे गाडीतला स्टार्टर समजा. तिथून वायर मागं टाकीपर्यंत जाते, कपलरमध्ये जोडली जाते आणि पंपाला मिळते. पंपातून वीज काळ्या वायरनं गाडीच्या पत्र्यात उतरते आणि पत्र्यातून बॅटरीला परत येते. याला अर्थ म्हणतात. जायचा रस्ता जसा महत्त्वाचा, तसाच परत यायचाही. दोन्हींतला एक अडला तरी पंप नीट चालत नाही.

आता आमच्या गाडीचं सांगतो. आमच्याकडे जुनी घेतलेली पेट्रोल व्हॅन आहे. मागच्या पावसाळ्यानंतर ती त्रास द्यायला लागली. रिकामी असली की नीट चालायची. माल भरला आणि चढ आला की झटके खायची, खड्ड्यातून गेली की कधी कधी एकदम बंद पडायची. लोणार रस्त्यावर एकदा संध्याकाळी बंद पडली, तेव्हा गाडीत पाच जणी आणि हळदीची पोती होती. अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली. एका मेकॅनिकनं सेल्फ मारून पाहिला आणि म्हणाला, "पंप गेला, बाई. बदलावा लागते." त्यानं टाकी उतरवली, नवा पंप बसवला, गटाच्या खात्यातून काही हजार रुपये गेले. पंधरा दिवस गाडी बरी चालली आणि सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. आता तो म्हणाला, हा पंप डुप्लिकेट निघाला, दुसरा टाकू.

त्या महिन्याच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, गाडी विकून टाका. गाडी चालवणारी आमची ताई गप्प बसून होती, कारण बोट तिच्याकडेच होतं. आमच्यातल्या एका वहिनीच्या घरी मोटार रिवायंडिंगचं काम चालतं. ती म्हणाली, "आमच्याकडं दहा मोटारी येतात, त्यातल्या दोन-तीन चांगल्या असतात. व्होल्टेज कमी येते अन् लोक मोटारीला नावं ठेवतात. गाडीत वीज किती येते ते कोणी मोजलं काय?" कुणीच मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती घरून मीटर घेऊन आली. गाडी अंगणात उघड्यावर चालू ठेवली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते. तेच पंपाच्या कपलरवर फक्त १०.४. म्हणजे साडेतीन व्होल्ट वाटेत कुठं तरी गळत होते. मग जायच्या बाजूनं मोजलं, बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत. तिथं ०.३ गेले, ते ठीक. परतीच्या बाजूनं, पंपाच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं तर ३.२. दोष अर्थमध्ये होता. काळी वायर जिथं पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते तिथं आपल्या काळ्या मातीचा थर बसला होता आणि आत गंज. बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं पत्रा घासून चकचकीत केला, वायरीचं टोक नवं लावलं, बोल्ट घट्ट केला आणि वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर पंपावर १३.५ आले. तेव्हापासून गाडीनं तो त्रास दिला नाही. नवा पंपही डुप्लिकेट नव्हता आणि जुनाही बहुधा चांगलाच होता.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण इथंच फसतात. मेकॅनिक टेस्ट लॅम्प लावतो, दिवा पेटतो आणि तो म्हणतो, वीज येते आहे, म्हणजे पंपच खराब. पण घरी व्होल्टेज कमी असताना बल्ब पेटतोच की नाही? आणि त्याच वेळी मोटार नुसती घुमते, उचलत नाही. तसंच हे. छोटा ५ वॅटचा दिवा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी वीज ओढतो. पंप साधारण ५ अँपिअर ओढतो, कुठं कमी, कुठं जास्त. गंजलेल्या सांध्यात समजा अर्ध्या ओहमचा अडथळा आहे. दिव्यासाठी तिथं पाव व्होल्टही जात नाही, दिवा झकास पेटतो. पंपासाठी मात्र तिथं अडीच व्होल्ट जातात. वरून तो सांधा तापतो, कपलरचं प्लास्टिक वितळतं, आणि अडथळा आणखी वाढतो. म्हणून वीज मोजायची ती पंप चालू असताना, पंप जोडलेला असताना. कपलर काढून मोकळ्या टोकाला मीटर लावलं तर तिथं पुरे बारा व्होल्ट दिसतील आणि त्याचा काही उपयोग नाही.

आता क्रम सांगतो. वहीत उतरवून घ्या.

पहिलं, पेट्रोल आहे का ते बघा. काट्यावर जाऊ नका, काटाही बिघडतो. शेवटचं कधी आणि किती भरलं ते आठवा.

दुसरं, कान लावा. एकीनं चावी ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही. दुसरीनं मागच्या सीटजवळ किंवा टाकीजवळ ऐकायचं. दोन-तीन सेकंद 'घूं' येऊन थांबला पाहिजे. तो आपोआप थांबतो, कारण इंजिन फिरत नसेल तर गाडीचा कॉम्प्युटर पंप बंद करतो. अपघातात पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय आहे. आवाज स्वच्छ आला तर पंपाला निदान काही तरी वीज मिळते आहे. आवाज येऊनही गाडी चालू होत नसेल, तर बिघाड स्पार्कचा, सेन्सरचा, फिल्टरचा किंवा कमी दाबाचा असू शकतो. अशा वेळी दाब गेज लावून मोजायला सांगा.

तिसरं, आवाजच नाही तर फ्यूज बघा. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर चित्र किंवा नाव असतं. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवा घाला. घरच्या कटआउटमध्ये लोक जाडी तार घालतात, तसं गाडीत कधीही करू नका. १५ च्या जागी ३० चा फ्यूज घातला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीकडे जाते. नवा फ्यूजही लगेच गेला तर कुठं तरी वायर सोलून पत्र्याला लागली आहे. तिथं थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

चौथं, रिले. चावी ऑन करताना त्यावर बोट ठेवलं तर 'टक' जाणवतं. शेजारी हॉर्नचा किंवा दुसरा त्याच नंबरचा रिले असेल, तर चावी बंद करून दोन्हींची अदलाबदल करा. पंप बोलू लागला तर रिले खराब. हा भाग स्वस्त आहे, एक जादा गाडीतच ठेवा.

पाचवं, वायर आणि कपलर. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं आणि कपलर तिथंच मिळतो. काहींत टाकी खाली उतरवावी लागते, ते काम मेकॅनिकचं. कपलर हिरवा-पांढरा पडलाय का, काळा पडून वितळलाय का ते पाहा. गाडी चालू असताना वायर हलक्या हातानं हलवून पाहा. इंजिनाचा आवाज बदलला तर दोष तिथंच आहे.

सहावं, मीटर. आम्ही सांगितलं तशी तीन मोजमापं घ्या. बॅटरीवर किती, पंपावर किती, आणि अर्थच्या बाजूला किती. मीटरची वायर पुरत नाही, म्हणून एक लांब वायर जोडून घ्या. बॅटरी आणि पंप यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक चालतो. एक-दोन व्होल्टचा फरक म्हणजे आधी वायरिंग दुरुस्त करा. पंपावर पुरेशी वीज आहे, अर्थ चांगला आहे आणि तरीही पंप बोलत नाही किंवा दाब देत नाही, तर मात्र पंप खरंच गेला. तेव्हा खुशाल बदला, चांगल्या दुकानातून, पक्क्या बिलावर.

मोजल्यावर नेहमी स्वस्तच उत्तर मिळेल असं आम्ही म्हणत नाही. पंपही खराब निघतात, नव्या गाड्यांचेही. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीनं फ्युएल पंपातल्या संभाव्य दोषासाठी वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या. होंडानं ऑक्टोबर २०२४ मध्ये याच भागासाठी ९०,४६८ गाड्या बोलावल्या. अशा वेळी कंपनी तो भाग फुकट बदलून देते. म्हणून पंपावर खर्च करण्याआधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा चेसिस नंबर सांगून विचारा, ह्या गाडीला काही रिकॉल आहे का? जुनी गाडी घेतली असेल तरी विचारा. एका फोननं काम होतं.

आपल्या भागात वायरिंग खराब व्हायची कारणंही ठरलेली आहेत. सोयाबीन-तुरीच्या पोत्यांजवळ गाडी उभी केली की उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. पावसाळ्यात काळी माती गाडीच्या पोटाला चिकटते, ओल धरून ठेवते आणि बोल्ट गंजतात. पावसाळा संपला की गाडी खालून धुऊन घ्या. तिसरं कारण आपल्या हौसेचं आहे. टेप, जादा दिवे, मोठा हॉर्न. ते बसवणारा मिळेल ती वायर सोलून पीळ मारतो आणि वरून टेप गुंडाळतो. सहा महिन्यांनी तो पीळ ढिला होतो. जादा काही बसवायचं असेल तर त्याला वेगळा फ्यूज आणि वेगळी वायर मागा. आणि पेट्रोल कॅनमध्ये साठवून वापरत असाल तर कॅन कोरडा आहे ना ते बघा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते पाणी ओढून घेतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिवाचं. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण ठिणगीनं पेटते. ही तपासणी बंद शेडमध्ये करायची नाही, चूल किंवा शेगडी जवळ नको, बिडी ओढणारा जवळ नको. पेट्रोलचा वास येत असेल तर चावीलाही हात लावू नका, लेकरांना दूर करा. वायरीचं काम करण्याआधी बॅटरीचं मायनस टोक काढा. मोजण्यापुरतंच ते जोडलेलं राहू द्या. पेट्रोलची नळी आपण सोडवायची नाही. इंजिन बंद केल्यावरही तिच्यात दाब राहतो आणि पेट्रोल डोळ्यांत उडतं. टाकीजवळ बॅटरीची मोकळी वायर लावून पंप चालवून बघणारे असतात, त्यांना तसं करू देऊ नका. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, गाडीत पावडरचं अग्निशामक ठेवा. टाकी आणि नळी मेकॅनिकची, फ्यूज, रिले आणि मीटर आपलं, अशी वाटणी आम्ही केली आहे.

मेकॅनिकशी भांडायचं नसतं. रिसोडला, वाशिमला चांगले कारागीर आहेत आणि विचारलं की समजावून सांगतात. आम्ही आता तीनच प्रश्न विचारतो. दादा, पंप चालू असताना त्याच्यावर किती व्होल्ट आले? अर्थ तपासला का? पेट्रोलचा दाब किती आला? उत्तरं मिळाली की वहीत लिहितो. 'अंदाजानं' असं उत्तर आलं तर म्हणतो, मोजून मगच बदला, आम्ही थांबतो. बदललेला जुना भाग परत मागून घेतो. पहिल्यांदा एक-दोघं हसले. आता तेच ताईला म्हणतात, तुमचं मीटर आणलं काय?

आमच्या गाडीत एक पिशवी असते. त्यात मीटर, टेस्ट लॅम्प, आमच्या गाडीला लागणारे फ्यूज, एक रिले, पॉलिश पेपर, टेप आणि लांब वायर. साधं मीटर काहीशे रुपयांत मिळतं. सोबत गाडीची वही. तारीख, किलोमीटर, काय झालं तेव्हा ऊन होतं की पाऊस, माल किती होता, काय मोजलं, काय बदललं. गाडी कधी बंद पडते हे लिहिलेलं असलं की का बंद पडते हे लवकर सापडतं. त्या अंगणातल्या दिवसानंतर आमच्या गटात सात जणी मीटर वापरायला शिकल्या. दोघी आता शेतातल्या स्टार्टरचं व्होल्टेजही स्वतः बघतात.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर पुढच्या बैठकीला ती दारात उभी करा. गाडी चांगली चालत असतानाच फ्यूजची डबी उघडा, पंपाचा फ्यूज आणि रिले कुठं आहे ते सगळ्यांनी बघा, चावी ऑन करून पंपाचा आवाज ऐका, बॅटरीवर आणि जमलं तर पंपावर किती व्होल्ट येतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चांगल्या दिवसाचा आकडा जवळ असला, की वाईट दिवशी काय कमी झालं ते कळतं. आणि ज्या ताईच्या हातात गाडीची चावी आहे, तिला आधी मीटर द्या.